मंगळवारचा खुर्च्यांचा वर्ग

माझे मिस्टर कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते आणि मी अकोल्यात मुलींच्या शाळेत पी.टी.ची बाई. लग्नानंतरची बरीच वर्षं आमचा संसार दोन गावांत वाटलेला होता. दिवाळी झाली की केंद्रं सुरू व्हायची. मग उन्हं तापेपर्यंत ते तेल्हाऱ्याला आणि मी मुलाला घेऊन अकोल्याला. शनिवारी यायचे, सोमवारी पहिल्या एसटीनं जायचे. भुवयांवर कापसाचे तंतू, शर्टाच्या शिवणीत सरकीचा चुरा. मी म्हणायची, "अहो, दारातच झटका ना." ते म्हणायचे, "किती झटकू? अंगातच गेला हाय आता."

ग्रेडरचं काम सांगायला सोपं आहे. गाडीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला कापूस काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून धागा ओढायचा, लांबी पाहायची, ओल पाहायची, डागी कापूस किती ते पाहायचं आणि प्रत सांगायची. प्रतीवर भाव. त्यांचे हात त्या कामात असे बसले होते की घरी उशीची शिवण उसवली तरी आतला कापूस काढून, धागा ओढून पाहायचे आणि मान हलवून परत कोंबायचे.

मग ती वर्षं आली, ज्यांचा विषय निघाला की आमच्या भागात अजूनही माणसं दुसरंच काही बोलायला लागतात. पाऊस नको तेव्हा, बोंडांत अळी, भावाचा भरवसा नाही. केंद्राबाहेर गाड्या दोन-दोन दिवस उभ्या. भाव कुठंतरी वर ठरायचा, पण गाडीवाल्यासमोर उभं राहायचं ते माझ्या नवऱ्यानं. "ओला हाय" म्हटलं की शिव्या. कधी कोणी पाया पडायचं, आणि ते शिव्यांपेक्षा वाईट, असं ते एकदाच बोलले. बाकी काही सांगितलं नाही. घरी आले की भिंतीला टेकून बसायचे, समोरचं ताट गार व्हायचं. रविवारी पेपर आला की आतल्या पानावर जीव दिलेल्या शेतकऱ्यांची नावं असायची. ते बोट ठेवून एकेक नाव वाचायचे, गावासकट. एखाद्या नावावर बोट थांबायचं. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत असायची. मला वाटायचं, या माणसाचा राग माझ्यावर आहे. दोन दिवस घरी येतो आणि दोन शब्द बोलत नाही.

ते रिटायर झाले तोवर त्यांचं केंद्र बंद पडल्यातच जमा होतं. पुढं मीही रिटायर झाले. मुलगा हैदराबादला नोकरीला लागला, तिकडेच त्याचं लग्न, घर सगळं झालं. आम्ही दोघं पहिल्यांदा एका घरात बाराही महिने राहायला लागलो, आणि त्याच सुमारास त्यांचे शब्द हरवायला लागले. झाकणाला "ते वरचं" म्हणायचे. किल्ली हातात घेऊन किल्ली शोधायचे. पेपर वाचताना बोट त्याच ओळीवर फिरत राहायचं. मग एक दिवस मी पाहिलं, आतलं पान उघडलं होतं, नावं होती, आणि ते शांतपणे पान उलटून पुढं गेले. मला बरं वाटलं. मग लक्षात आलं, की ती नावं आता या घरात एकट्या मलाच आठवतात.

त्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी ते घरातून गेले. मी अंघोळीला गेले होते, बाहेर आले तर दार उघडं. गल्लीत, चौकात, दवाखान्यापाशी, सगळीकडे शोधलं. दुपारी फोन वाजला. तेल्हाऱ्याहून, केंद्रासमोरच्या चहावाल्याचा. त्यानं ह्यांना ओळखलं होतं आणि नंबर मिळवला होता. म्हणाला, "वहिनी, साहेब इथं येऊन बसले हायत. चहा पाजला मी. तुमी या आरामात, मी हाय इथं."

मी पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. केंद्राच्या फाटकाला कुलूप, आत बाभळी माजलेल्या. हे फाटकाबाहेर वजनकाट्याच्या चौथऱ्यावर बसले होते, पायांत वेगवेगळ्या जोडांच्या चपला. मला पाहून म्हणाले, "तू काहून आली?"

"न्यायला आले. चला घरी."

"कसा येऊ? गाड्या पाह्य किती उभ्या हायत."

रस्त्यावर एक कुत्रं झोपलेलं होतं. दुसरं काही नव्हतं. मी त्यांच्याजवळ बसले. शेवटी चहावाला हात पुसत आला आणि म्हणाला, "साहेब, काटा बिघडला. मेकॅनिक उद्या येते म्हने. लोकायले सांगतलं मी, उद्या या." हे लगेच उठले. गाड्यांकडे, म्हणजे त्या रिकाम्या रस्त्याकडे पाहून त्यांनी हात जोडले, आणि मुकाट्यानं माझ्यामागं एसटीत चढले.

त्यानंतर मी त्यांना अमरावतीला नेलं. माझं माहेर तिथलं, मोठ्या डॉक्टरांचा पत्ता तिथल्या वहिनीनं काढून दिला. डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं, डिमेन्शिया. गोळ्या लिहून दिल्या आणि गोळ्यांनी फार काही होणार नाही हेही स्पष्ट सांगितलं. म्हणाले, "यांना नुसतं बसवून ठेवलंत तर पाय जातील. मोकळं सोडलंत तर माणूसच जाईल. बसल्या जागी करायचा व्यायाम शिकून घ्या. खाली आमच्या फिजिओथेरपिस्ट आहेत."

खालच्या खोलीत एक तिशीतली मुस्लीम मुलगी होती. डोक्यावर ओढणी, बोलणं आमच्याच वऱ्हाडातलं, मधूनच हिंदी. ह्यांचं काम काय होतं ते तिनं मला न विचारता त्यांना विचारलं. त्यांनी हवेत दोन्ही चिमट्यांनी धागा ओढून दाखवला. ती हसली. म्हणाली, "काका, माझे आजोबा पिंजारी होते. गाद्या भरायचे. तुमच्या हातचा कापूस आमच्या घरी आला असन पाहा." हे खुर्चीत नीट बसले. बऱ्याच दिवसांनी त्यांना कोणीतरी कामाबद्दल विचारलं होतं.

मग तिनं दाखवायला सुरुवात केली. खुर्ची हात नसलेली, पण पाय घट्ट असलेली, पाठीमागं भिंत. तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले. टाचा वर, टाचा खाली. चवडे वर, खाली. बसल्या बसल्या चालल्यासारखे गुडघे उचलायचे. मुठी मिटायच्या, उघडायच्या. खांदे मागून पुढं. हात वर, जेवढे जातील तेवढे. टॉवेलचं एक टोक एकानं, दुसरं टोक दुसऱ्यानं धरून ओढायचं. मी आयुष्यभर मुलींना कवायत शिकवली होती, मला यात नवीन काही वाटलं नाही. पण तिनं मला थांबवलं.

"आंटी, डावा-उजवा म्हनू नका. सांगू पन नका जास्त. समोर बसा अन् करून दाखवा. ते तुमाले पाहून करतीन. अन् 'आठवते का' हे कधीच विचारायचं नाही."

आम्ही तिच्याकडे दर आठवड्याला जायला लागलो. अकोल्याहून जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, त्यात ह्यांचे हाल व्हायचे. एसटीत मधेच उठायचे, उतरू म्हणायचे. एके दिवशी तिनंच विषय काढला. "तुम्ही तर टीचर आहात. तिकडंच सुरू करा ना. पण माणसं जमवा. एकट्यानं हे होत नाही, न काकांच्यानं न तुमच्यानं."

माणसं जमवणं अवघड होतं. घरात असं कोणी आहे हे कोणी कबूल करत नव्हतं. "वय झालं, दुसरं काय," एवढंच. आमच्याकडे येणारे-जाणारेही एव्हाना थांबले होते. शाळेतल्या मैत्रिणी आधी यायच्या, मग फोन करायच्या, मग तेही कमी झालं. त्यांना दोष देत नाही. हे समोर बसून तेच तेच विचारत राहायचे आणि येणाऱ्याला कुठं बघावं कळायचं नाही. मी दिवसभर घरात बोलत असायची आणि संध्याकाळी वाटायचं, आज मी कोणाशीच बोलले नाही.

शेवटी एक रिटायर्ड हेडमास्तर भेटले. दुसऱ्या शाळेतले, पण शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये जुनी ओळख झालेली. औषधांच्या दुकानात मी उभी असताना ते तीच गोळी मागत होते. मी त्या पाकिटाकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. "घरी?" त्यांनी विचारलं. "मिस्टर," मी म्हणाले. "माझी मिसेस," ते म्हणाले. आम्ही दुकानाबाहेर उभं राहून कितीतरी वेळ बोललो.

जागा त्यांनीच मिळवली. त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहाराचं सभागृह. रविवारी तिथं वंदना असायची, मंगळवारी सकाळी रिकामं. मोठ्या खिडक्या, खाली स्वच्छ फरशी, भिंतीशी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची थप्पी. हेडमास्तरांनी आजूबाजूला सांगून ठेवलं, मीही सांगितलं, आणि पहिल्या मंगळवारी पाच-सहा म्हातारी माणसं आपापल्या सुनेबरोबर, मुलीबरोबर आली. बहुतेकांना कुठं आणलंय ते माहीत नव्हतं. एक आजी दारातूनच विचारत होत्या, लग्न कोणाचं आहे.

मी त्या दिवशी शाळेतल्यासारखी पांढरी साडी नेसले होते आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट घातले होते. मुद्दाम नव्हे, कवायत घ्यायची म्हटल्यावर हात आपसूक तिकडे गेले. पण त्याचा परिणाम झाला. तोवर घरी ह्यांचं वागणं बिघडलं होतं. अंघोळीला चला म्हटलं की हात झटकायचे. मी शर्ट बदलू लागले की "सोड" म्हणायचे. कधी कधी माझ्याकडे नुसतं पाहत राहायचे, जसं एसटीत समोर बसलेल्या बाईकडे माणूस पाहतो. आणि इथं, मी खुर्चीवर बसून टाचा उचलल्याबरोबर त्यांनी टाचा उचलल्या. मी हात वर केले, त्यांनी केले. ताठ बसून, शहाण्या विद्यार्थ्यासारखे, शेवटपर्यंत.

वर्ग संपल्यावर ते माझ्याजवळ आले. म्हणाले, "बाई, चांगलं शिकवता तुमी."

लग्नाच्या दिवसापासून मला ते 'तू' म्हणत आले होते. मी त्यांना 'तुम्ही', ते मला 'तू', आमच्या पिढीत असंच होतं. त्या 'तुमी'नं मला कळलं की आता त्यांच्या लेखी मी कोणी दुसरीच आहे. "पुढच्या मंगळवारी या," मी म्हणाले.

परत जाताना ऑटोत ते अगदी कडेला सरकून बसले. परक्या बाईला धक्का लागू नये म्हणून. मी म्हणाले, "नीट बसा, पडाल." ते संकोचून थोडे आत आले. मग म्हणाले, "घरी वाट पाहून राहिली असन."

"कोण?"

"घरवाली. मी आल्याबिगर जेवत नाही ते." थोडं थांबून म्हणाले, "तिले वाटते मी रागावतो."

"मग, रागावता का?"

"नाही ना, बाई. मी बोलत नाही. तोंडातून निघतच नाही. दिवसभर लोक एवढं बोलून राह्यते, मंग घरी आलं की निघत नाही." त्यांनी गळ्यापाशी हात नेला. "ते पानी गरम करून देते. काही विचारत नाही. लय समजदार हाय."

ऑटोचा आवाज मोठा होता. मला वाटलं, पुन्हा एकदा म्हणायला सांगावं. पण मी बाई होते आणि ते त्यांच्या बायकोबद्दल बोलत होते. मी म्हणाले, "मग हे तिला सांगा ना."

"सांगतो. आज घरी गेलो की सांगतो."

घरी आल्यावर त्यांनी दोन्ही खोल्या पाहिल्या, मागचं अंगण पाहिलं. मी स्वयंपाकघरात उभी होते. माझ्यावरून त्यांची नजर गेली आणि पुढं गेली. "नाही हाय," ते म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले. मी पाणी गरम करायला ठेवलं.

पुढं मी घरातही बूट घालूनच राहायला लागले. बूट घातलेल्या बाईचं ते ऐकायचे. "चला, आता हात वर," म्हटलं की हात वर करायचे आणि मी शर्ट काढून घ्यायची. "गुडघा उचला," म्हटलं की पायजमा घालता यायचा. अंघोळ, जेवण, गोळ्या, सगळं कवायतीत बसवलं. घर शांत झालं. शेजारीण म्हणाली, "काका बरे दिसतात आता." दिसत होते. मी मात्र सकाळी उठल्यापासून त्यांना झोप लागेपर्यंत बाई असायची. ते झोपले की नाडी सोडून बूट काढायची, पलंगाच्या कडेला बसायची, आणि मग आपण कोण म्हणून झोपायचं ते कळत नसे.

एकदा हेडमास्तर काही कामानं घरी आले, त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "मॅडम, घरातही?"

मी कारण सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या घरी मी तिचा भाऊ आहे. थोरला, लहानपणीच गेलेला. ती मला राखीचं विचारते."

"मग?"

"बांधून घेतली."

आम्ही दोघं थोडं हसलो. ते चहा पिऊन गेले. जाताना त्यांनी कप उचलून मोरीपाशी नेऊन ठेवला. एकट्यानं घर चालवायची सवय झालेली माणसं असं करतात.

वर्ग मात्र चालू राहिला. शिट्टी मी पहिल्याच दिवशी बंद केली, कारण तिनं एका आजोबांना घाबरवलं. चेंडू आणला, तो चालला. टॉवेल ओढणं सगळ्यांना आवडायचं, त्यात बायका जास्त जोर लावायच्या. मग हिवाळ्यात मला वाटलं, थोडा कापूस आणून पाहावा. बोटांना व्यायाम होईल. शेजारणीच्या माहेरून एक पिशवीभर कापूस आणवला, सरकीसकट, आणि प्रत्येकाच्या मांडीवर थोडा थोडा ठेवला.

काही सांगावं लागलं नाही. लग्न कोणाचं म्हणून विचारणाऱ्या आजींनी सरकी काढून पायावर वाती वळायला घेतल्या. हेडमास्तरांच्या मिसेसनी लहानपणी मजुरीनं कापूस वेचलेला. त्यांनी पदराची ओटी केली आणि दोन्ही हातांनी मांडीवरचा कापूस वेचून ओटीत टाकायला सुरुवात केली, इतक्या वेगानं की मी बघतच राहिले. एरवी हात वर करा म्हटलं तर त्या छताकडे बघायच्या.

हे मात्र कापूस हातात येताच बदलले. धागा ओढला, पाहिला, आणि खुर्चीतून उठले. त्यांचा चेहरा असा झाला होता, जसा त्या वर्षांत शनिवारी दारात दिसायचा. "माह्या हातात काही नाही," ते म्हणाले. "मले सांगून फायदा नाही. वरून आलं हाय." समोर भिंतीशी रिकाम्या खुर्च्या होत्या, त्यांच्याकडे पाहून ते बोलत होते. आवाज वाढत गेला. "पाया नोका पडू बाप्पा. उठा. उठा तुमी." त्यांनी वाकून कोणाला तरी उठवायला हात पुढं केले आणि तोल गेला. मी आणि हेडमास्तरांनी मिळून सावरलं. मी "बसा, टाचा वर," म्हणत होते, पण बूट घातलेल्या बाईचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

तेवढ्यात हेडमास्तरांच्या मिसेस उठल्या. ओटी एका हातानं धरून ह्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "साहेब, घ्या ना. कोरडा हाय. हात घालून पाहा."

ह्यांनी ओटीतला कापूस काढला, चिमटीत धरून धागा ओढला. खूप वेळ पाहिला. "एक नंबर हाय," ते म्हणाले.

"मंग लिवा तसं," त्या म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

त्यानंतर हे एकेकाच्या खुर्चीपाशी गेले. प्रत्येकाच्या मांडीवरचा कापूस उचलून धागा ओढला आणि प्रत्येकाला सांगितलं, एक नंबर. वातींचा झालेला कापूससुद्धा. शेवटी माझ्यापाशी आले. माझ्या हातात पिशवीच्या तळाचा कापूस होता, काडीकचऱ्याचा, पिवळट. त्यांनी तो पाहिला, मला पाहिलं. "हाही एक नंबर," ते म्हणाले. त्या दिवशी ते घरी आल्यावर पोटभर जेवले आणि दुपारभर गाढ झोपले. मी कापूस परत कधी नेला नाही. पुढच्या वेळी कोण समोर येऊन उभं राहील याची खात्री नव्हती.

उन्हाळ्यात वर्ग सकाळी लवकर घ्यायला लागलो, कारण अकोल्यात त्या दिवसांत नऊ वाजताही बाहेर पाय ठेववत नाही. त्या उन्हाळ्यात त्यांनी मला एकदा विचारलं. वर्गात नाही, घरीच, मी त्यांच्या पायांना तेल लावत होते तेव्हा.

"बाई, तुमच्या घरी कोन हाय?"

"मिस्टर आहेत."

"काय करते ते?"

"कापसाचे ग्रेडर होते."

"असं?" त्यांनी विचार केला. "मंग ओयखत असन मी. कोनत्या सेंटरले?"

"तेल्हाऱ्याला."

"मी बी तेल्हाऱ्यालेच होतो." ते मान हलवत राहिले, आठवायचा प्रयत्न करत. "चांगला मानूस असन."

"हो," मी म्हणाले. "चांगले आहेत."

"मंग तुमी जा ना घरी. वाट पाहून राहिले असतीन."

मी तेलाची वाटी उचलली, बाहेरच्या खोलीत गेले आणि थोड्या वेळानं परत आले.

पावसाळ्यात त्यांना खुर्चीत बसवेनासं झालं. एका बाजूला कलायचे. अमरावतीच्या त्या मुलीला फोन केला. ती एका रविवारी स्वतः आली, आईला बरोबर घेऊन. तिनं त्यांना तपासलं, पलंगावरच काय काय करता येईल ते दाखवलं. घोटा फिरवायचा, बोटं उघडायची, कूस बदलायची. जाताना दारात म्हणाली, "आंटी, आता एवढं पुरे. हे त्यांना दुखू नये म्हणून, सुधारण्यासाठी नाही." तिनं ते लपवलं नाही, याचं मला अजून बरं वाटतं.

त्या दिवसांत मी बूट घालणं सोडलं. बाईची गरज राहिली नव्हती. त्यांच्या लेखी आता कोणीच कोणी नव्हतं. मी त्यांची बोटं उघडायला गेले की ती माझी बोटं धरून ठेवायची, कोणाचीही धरली असती तशी. मी तासन्‌तास तशीच बसायची. हिवाळा लागता लागता छातीत कफ झाला आणि एका दुपारी, मी मोसंब्याचा रस चमच्यानं देत असताना, ते गेले. चमचा अर्धा भरलेला होता.

मुलगा, सून आली. तेरावं झालं. तेल्हाऱ्याचा चहावाला येऊन गेला. त्याला कसं कळलं मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. मुलानं हैदराबादला चल म्हणून आग्रह केला, मनापासून केला. मी म्हणाले, येईन, सध्या नको. तो गेल्यावर मी घराचं दार लावलं, आणि दार लावून घ्यायचं कारण आता उरलं नाही हे लक्षात आलं. कोणी निघून जाणार नव्हतं. तरी कडी लावलीच.

पावसाळ्यात सुटलेल्या वर्गाला मी परत गेले नाही. कितीतरी मंगळवार गेले. हेडमास्तर एकदा येऊन म्हणाले, "मॅडम, वर्ग चालू आहे. मीच घेतो जमेल तसा." मी हो म्हणाले आणि तरी गेले नाही. कोणाला हात वर करा म्हणायचं बळ नव्हतं.

मग एका सकाळी गेले. साधी साडी, साध्या चपला. सभागृहात खुर्च्या अर्धगोल लावल्या होत्या. हेडमास्तर समोर बसून टाचा उचलत होते आणि लोक चवडे उचलत होते, कारण ते तोंडानं एक सांगत होते आणि पायांनी दुसरं करत होते. मला पाहून ते उठायला लागले. मी हातानंच बसा म्हटलं. वाती वळणाऱ्या आजी आल्या नव्हत्या, दोन नवे चेहरे होते. हेडमास्तरांच्या मिसेसच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिथं बसले.

हेडमास्तरांनी हात वर केले. मीही केले. खांद्यात कळ आली. पावसाळ्यापासून मी दुसऱ्याचेच हात उचलले होते, आपले नाही.

मिसेसनी माझ्याकडे वळून पाहिलं. "नव्या हाय काय तुमी?"

"हो," मी म्हणाले.

"मंग इकडं सरका थोड्या," त्या म्हणाल्या. "तिथं ऊन येते."

मी खुर्ची सरकवली.